वारा कुठून येतोय?

मंगळवार, २२ जुलै २०२५. लालबाग, रात्रीचे साडेअकरा.

घसा बसलाय. गुळण्या करून बसले आहे, पण झोप येत नाही. आज टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा सोळावा टप्पा होता. मोंपेलिएहून माँ व्हाँतूच्या शिखरापर्यंत, १७१.५ किलोमीटर. साडेसहाला ऑफिसातून घरी पोहोचले, तोवर बरीच शर्यत होऊन गेली होती. अप्पा टीव्हीसमोर आवाज मोठा करून बसले होते. मी चप्पल काढायच्या आत म्हणाले, "आलीस? बस. हे नुसतेच बोलतायत, काही कळत नाही."

काचबिंदूनं अप्पांची नजर गेली त्याला आता तीन वर्षं होतील. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. समालोचन इंग्रजीत असतं आणि अप्पांचं इंग्रजी गिरणीतल्या मशीनवरच्या पाट्यांपुरतं. म्हणून गेले दोन जुलै मी शेजारी बसून समालोचक काय म्हणतात ते मराठीत सांगत आले. यंदा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला थांबवलं. "ते काय म्हणतात ते नको गं. तुला काय दिसतंय ते सांग."

तेव्हापासून सायकलिंगचं समालोचन मला वेगळंच ऐकू यायला लागलं आहे. आज ते लिहून ठेवायचं आहे.

मोंपेलिएच्या बाहेरचा सपाट भाग संपला तेव्हा पुढे एक मोठा गट फुटून गेला होता. मी सांगितलं, किती जण पुढे आहेत, मागच्या जथ्यापासून किती मिनिटांवर आहेत. अप्पा लगेच म्हणाले, "वारा कुठून येतोय?"

मला सांगता येईना. अर्धा तास होऊन गेला होता, पडद्यावरचे लोक सतत बोलत होते आणि वाऱ्याबद्दल मी एक शब्द ऐकला नव्हता. खरं तर सायकलच्या शर्यतीत पहिला प्रश्न हाच असायला हवा. पुढच्याच्या पाठीला चिकटून चालवलं तर एक चतुर्थांशाहून जास्त जोर वाचतो. जथा जथा म्हणून राहतो तो त्यामुळेच. वारा बाजूनं आला की रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकी रांग लागते, तिच्यात जागा न मिळालेला मागे पडतो आणि सपाट रस्त्यावरही शर्यत तुटते. मग मी झाडांकडे बघायला लागले, पूल ओलांडताना कोणीतरी धरलेला झेंडा बघितला, स्वारांची डोकी कोणत्या बाजूला कलली आहेत ते बघितलं. "डावीकडून थोडा, अप्पा. फार नाही." त्यांनी मान हलवली. समाधान झालं.

मला समालोचकांवर राग काढायचा नाही. हे काम किती अवघड आहे ते या तीन आठवड्यांत मी माझ्या घशानं शिकले आहे. यंदा २३ संघ, प्रत्येकी ८ स्वार, म्हणजे १८४ माणसं. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. नंबर लावलेला असतो पाठीवर खाली, आणि मोटरसायकलवरचा कॅमेरा बऱ्याचदा समोरून दाखवतो. पाऊस आला की वर जॅकेट चढतं आणि नंबरही जातो. मग ओळखायचं कशावरून? खांदे कसे हलतात, गुडघा बाहेर जातो का, चढावर उभा राहतो की बसून चालवतो, यावरून. क्रिकेटमध्ये मैदानावर तेरा खेळाडू आणि दोन पंच असतात, सगळे एका नजरेत येतात. इथं खेळ कित्येक किलोमीटर पसरलेला असतो. पुढचा गट एका गावात, जथा दुसऱ्या गावात, मागे पडलेले स्वार तिसऱ्याच डोंगराच्या पायथ्याशी.

आणि बोलणाऱ्याला दिसतं तेवढंच, जेवढं आपल्याला. अप्पांना हे पटतच नव्हतं. त्यांच्या मते समालोचक रस्त्याच्या कडेला उंच मचाणावर बसतो. मी त्यांना सांगितलं, की तो शेवटच्या रेषेजवळच्या खोलीत किंवा दुसऱ्याच देशातल्या स्टुडिओत पडद्यासमोर बसलेला असतो. मोटरसायकलवरचं चित्र आधी वर हेलिकॉप्टरकडे आणि विमानाकडे जातं, तिथून शेवटच्या रेषेजवळच्या गाड्यांमध्ये उतरतं आणि मग जगभर. ढग खाली आले, विमान उडालं नाही, की चित्र गोठतं. त्या वेळीही याला बोलत राहावंच लागतं. "म्हणजे तोही माझ्यासारखाच," अप्पा म्हणाले. "कोणीतरी दाखवेल तेवढंच."

हे ऐकल्यावर मला १९८७ च्या टूरमधला ला प्लान्यच्या डोंगरावरचा टप्पा आठवला. मी तो खूप नंतर इंटरनेटवर बघितला. पेद्रो देल्गादो वर पोहोचत होता, कॅमेरे त्याच्यावर होते आणि स्टीफन रोच बराच मागे राहिला आहे असं सगळे धरून चालले होते. खालच्या घाटात तो काय करतोय हे कोणालाच दिसत नव्हतं. देल्गादो रेषेजवळ आला तोच मागून एक आकृती आली. समालोचक फिल लिगेटच्या आवाजात आधी प्रश्न येतो, हा कोण, रोचसारखा दिसतोय, आणि मग खात्री. चारच सेकंद मागे. रोच तिथेच कोसळला, त्याला ऑक्सिजन लावावा लागला, पण ती टूर त्यानंच जिंकली, ४० सेकंदांनी. लिगेटच्या चुका लोकांनी आयुष्यभर मोजल्या आहेत, ते मला माहीत आहे. पण त्या एका क्षणात त्याला जे दिसत होतं, जसं दिसत होतं, त्याच क्रमानं त्यानं सांगितलं. आधी शंका, मग खात्री. उलटं केलं असतं तर अंगावर काटा आला नसता.

त्या काळी दोन गटांमधलं अंतर मोटरसायकलवर बसलेला माणूस पाटीवर खडूनं लिहून स्वारांना दाखवायचा. आता जीपीएसमुळे आकडा पडद्याच्या कोपऱ्यात सतत असतो. आकडा दिसत असताना तोच पुन्हा वाचून दाखवण्यात काय हशील? अप्पांना आकडा लागतो, कारण त्यांना कोपरा दिसत नाही. पण ज्यांना दिसतो त्यांना त्या आकड्याचा अर्थ हवा असतो. चाळीस सेकंद सपाटीवर म्हणजे काहीच नाही, जथा मनावर घेईल तेव्हा गिळून टाकेल. तेच चाळीस सेकंद नऊ टक्क्यांच्या चढावर म्हणजे पुढचा माणूस वळणापलीकडे नाहीसा झालेला असतो.

अप्पांचे कान रेडिओवर तयार झाले आहेत. बाळ ज. पंडितांचं मराठीतलं धावतं वर्णन ऐकायला ते गिरणीच्या पाळीवरून धावत घरी यायचे. फलंदाज कुठं उभा आहे, क्षेत्ररक्षक कुठं आहेत, चेंडू कुठून कुठं गेला, आधी हे सगळं, आणि मत त्यानंतर. शिवाय त्यांचं मूळ गाव जुन्नरकडचं. बैलगाडा शर्यतीचा निवेदक त्यांना तोंडपाठ. तिथं धावपट्टीलाच घाट म्हणतात. बारी सुटली की काही सेकंदांत संपते, आणि त्या काही सेकंदांत निवेदक बैलांची नावं, मालकाचं गाव, कोण पुढं, सगळं एका दमात देतो. सायकलवाल्याला पाच-पाच तास बोलायचं असतं. २०१७ पासून टूरचे सगळे टप्पे पहिल्या मीटरपासून थेट दाखवतात. पहिले तीन तास बऱ्याचदा काही घडत नाही. त्या पोकळीत काय भरायचं, हा खरा कस आहे.

फ्रेंच टीव्हीवर जाँ-पॉल ऑलिव्हिए नावाचे एक पत्रकार वर्षानुवर्षं वाटेतल्या किल्ल्यांचा, चर्चचा, गावांचा इतिहास सांगत. मला हे आवडतं, कोणी काही म्हणो. टूर म्हणजे निम्मा भूगोल आहे. आज मीही सांगत होते, द्राक्षांच्या बागा आल्या. "नाशकासारख्या?" होय, पण वेल बुटके, मांडव नाही. अप्पांना तेवढं पुरलं. मात्र पुढे कोणी जोर लावला की किल्ला सोडून द्यावा लागतो, वाक्य अर्धं असलं तरी. आज एकदा समालोचक कोणाची तरी जुनी आठवण सांगत होता, तिकडे जथ्याच्या टोकाला एक संघ सगळाच्या सगळा पुढे सरकत होता, आणि त्यानं आठवण पूर्ण केली. पूर्ण करायला नको होती.

शब्दांचंही अडतं. पेलोटॉनला मी जथा म्हणते, अप्पा दिंडी म्हणतात. आषाढी नुकतीच होऊन गेली आहे, त्यामुळे असेल. नेत्याला पाणी आणून देणाऱ्या, त्याच्यासाठी वारा अंगावर घेणाऱ्या स्वाराला काय म्हणायचं, यावर मी दोन दिवस अडले होते. अप्पांनी सहज म्हटलं, "पाणक्या." आता आमच्या घरात तोच शब्द.

व्हाँतूचा चढ साडेपंधरा किलोमीटरांहून थोडा जास्त, सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास. अप्पांना टक्के सांगून उपयोग नाही, शंभर मीटर पुढं गेलं की नऊ मीटर वर, असं सांगितलं. ते तरुणपणी एकदा मुंबई-पुणे शर्यतीत उतरले होते. बोरघाटात दम तुटून सायकल हातात धरून चालले, तरी पुण्याला पोहोचले. घाटाचा राजा कोण झाला ते नाव त्यांना अजून आठवतं. त्यामुळे चढ त्यांच्या पायांना कळतो. वाटेतल्या शाले रेनार या ठिकाणाच्या वर झाडं संपतात, नुसता पांढरा दगड उरतो. मी म्हणाले, "झाडं संपली, अप्पा." ते खुर्चीत पुढं सरकले. "आता वाऱ्याला आडोसा नाही."

एनरिक मास एकटाच पुढे होता. मागून पारे-पँत्र आणि बेन हिली आले, त्याला गाठलं. त्याच्याही मागे पोगाचार आणि विंगेगो, त्यांची आपापसातली लढाई, टप्प्यासाठी नाही, अख्ख्या टूरसाठी. दोन शर्यती एकाच रस्त्यावर, आणि चित्र कधी इथलं, कधी तिथलं. माझी त्रेधा उडाली. कोणाचं सांगू? शिखराच्या अलीकडे टॉम सिम्पसन या स्वाराचं स्मारक आहे. १९६७ साली टूरमध्ये तो या चढावर कोसळून मरण पावला. समालोचकानं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि थोडा वेळ गप्प बसला. आजच्या सगळ्या समालोचनातला मला सर्वात आवडलेला भाग तो. मीही गप्प बसले. अप्पांनी विचारलं नाही काय झालं म्हणून.

शेवटच्या वळणावर पारे-पँत्रनं हिलीला मागे टाकलं. यंदाच्या टूरमधला फ्रेंच माणसाचा पहिला विजय. मी काय बोलले ते मला आठवत नाही. शेजारच्या काकू दारात येऊन बघून गेल्या एवढं खरं.

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या आठवड्यात एक स्वार पडला तेव्हा मी किंचाळले होते. अप्पा खुर्चीतून अर्धे उठले, "कोण पडला? उठला का? सांग ना!" तो उठला होता, फक्त कोपर खरचटलं होतं. पण ते दोन-चार सेकंद अप्पांचा चेहरा मी बघितला. २०११ च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीतल्या अशाच शर्यतीत, वाउटर वेलांट हा स्वार बोक्को घाटाच्या उतारावर पडून मरण पावला. असं कधीही होऊ शकतं, हे त्यांनाही माहीत आहे. माइकसमोर बसलेल्या माणसाचं ऐकणाऱ्यांत त्या स्वाराची आईही असते, बायको असते. दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणावं. तर्क करू नये. आवाज आपल्या ताब्यात ठेवावा. त्या दिवसानंतर कोणी पडलं तर ओरडायचं नाही, असं मी स्वतःशी ठरवलं आहे.

रविवार, २७ जुलै. रात्र.

संपली टूर. पोगाचार जिंकला, ४ मिनिटं २४ सेकंदांनी. पॅरिसमध्ये आज पाऊस होता, आपल्याकडेही. शेवटच्या पन्नास किलोमीटरांत एकूण निकालासाठी वेळ धरायची नाही असं ठरलं, तरी यंदा पहिल्यांदाच आलेल्या माँमार्त्रच्या टेकडीवर ते मनापासून भांडले.

"रस्ता कसा आहे?"

"दगडी फरशी, अप्पा. ओली. चकाकतेय."

अप्पा हसले. लहानपणी तासाच्या भाड्यानं घेतलेली सायकल, परळचा ट्रामचा रस्ता, पावसात रुळात अडकलेलं पुढचं चाक. मग ते बोलायलाच लागले. हँडल घट्ट धरायचं नाही, सैल सोडायचं. वळणावर ब्रेकला हात लावायचा नाही, जे काही दाबायचं ते आधी. मागच्या चाकावर वजन ठेवायचं. मी टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर व्हान आर्ट शेवटच्या चढावर पोगाचारला सोडून पुढे निघाला होता आणि आता उतारावर होता, एकटा, आणि अप्पा जे जे सांगत होते ते ते तो करत होता. मी अर्ध्या वाटेपर्यंत सांगितलं, नंतर बोललेच नाही.

तो खाली सपाटीला लागला.

"उतरला, अप्पा. पडला नाही."

"माहितीये," अप्पा म्हणाले. "तू ओरडली नाहीस."