पॉलिसी डिबेटचा परीक्षक होताना

अमेरिकेत डिबेट स्पर्धेला शाळेने जितक्या जोड्या उतरवायच्या, त्या हिशोबाने परीक्षकही पुरवायचे असतात. शिक्षक कमी पडले की पालकांना धरतात. मुलगी पॉलिसी डिबेट करायला लागली (यात दोघांची एक जोडी सरकारी धोरणाची योजना मांडते आणि दुसरी, नकारार्थी जोडी ती खोडते) आणि मीही त्या यादीत गेलो. नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशनचं ऑनलाइन प्रशिक्षण सहज उरकलं. खरा घाम फोडला तो पॅराडाइमने. आपण निकाल कसा देतो ते टॅबरूम या स्पर्धांच्या वेबसाइटवर आधीच लिहून ठेवायचं. मुलं फेरीपूर्वी ते वाचतात आणि मांडणी त्याप्रमाणे बदलतात.

बरेच परीक्षक ‘टॅबुला रासा’ लिहितात, म्हणजे माझी पाटी कोरी, तुम्ही सांगाल ते खरं. मला ते पटेना. आठ मिनिटांच्या भाषणात मिनिटाला तीनशेच्या वर शब्द फेकले जातात आणि माझी पाटी कोरी राहते ती ऐकू न आल्यामुळे! म्हणून पहिली ओळ लिहिली: पुरावा हवा तितका वेगाने वाचा, पण पुराव्यांवरचे मथळे आणि स्वतःचे युक्तिवाद सावकाश बोला. पुराव्याची फाइल ईमेलने येते, तरी माझ्या फ्लोवर, म्हणजे फेरीच्या टिपणांत, जे कानांनी आलं तेच उतरेल.

सगळ्यात जास्त खल केला तो परिणामांच्या तुलनेवर. 2024-25 चा विषय होता कॉपीराइट, पेटंट आणि ट्रेडमार्क यांचं संरक्षण बळकट करण्याचा. आता पेटंट कडक केल्यावर औषधं महागणं समजू शकतं, पण तिथून चार दुवे जोडून अणुयुद्धापर्यंत जाणारे महाभाग प्रत्येक स्पर्धेत भेटतात. तसा युक्तिवाद मी बाद करत नाही, फक्त प्रत्येक दुव्याची शक्यता विचारतो. प्रतिपक्षाने उत्तरच दिलं नाही तर तो मान्य धरतो, मात्र मुळात कारण दिलेलं असलं पाहिजे. नुसतं विधान ‘ड्रॉप’ झालं, म्हणजे अनुत्तरित राहिलं, म्हणून ओरडू नका, हेही लिहिलं.

क्रिटीकबद्दल, म्हणजे योजनेमागच्या गृहीतकांवरच तात्त्विक टीका करणाऱ्या युक्तिवादाबद्दल, एवढंच, की तत्त्वज्ञाची नावं माझ्यावर टाकू नका, या योजनेशी त्याचा संबंध सांगा.

आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धांत आवाजाची फेक, शब्दकळा निकाल फिरवायची. इथे वक्तृत्वाचे गुण तीसपैकी वेगळे देतात, आणि हरलेल्या जोडीला जास्त गुण देऊन दुसरीला जिंकवता येतं. मला ही सोय फार आवडली.

एका फेरीआधी एका मुलाने विचारलं, “तुम्ही जज किक करता का?” नकारार्थी बाजूचा काउंटरप्लॅन, म्हणजे तिने सुचवलेली पर्यायी योजना, फसला, तर तो बाजूला सारून ‘आहे ते बरं’ या पर्यायाशी योजनेची तुलना परीक्षकाने आपणहून करायची का, हा प्रश्न. पॅराडाइममध्ये याबद्दल चकार शब्द नव्हता. दोन्ही जोड्यांना तिथेच सांगितलं: तुम्ही भाषणात मागितलंत आणि समोरच्याने खोडलं नाही, तरच करेन. त्याच रात्री ते लिहूनही टाकलं.