पक्ष्यांसाठी लेन्स निवडताना: माझा अनुभव आणि दादांचं लाइट बिल

कोणती लेन्स घ्यावी हे ठरवताना माझं डोकं सगळ्यात जास्त कशानं खाल्लं असेल, तर एका लाइट बिलानं. बिल माझ्या नावाचं नव्हतं आणि घरमालकांच्या नावाचंही नव्हतं. ते सविस्तर सांगणारच आहे, कारण राग अजून उतरलेला नाही. पण आधी कॅमेऱ्याचं.

माझ्याकडे निकॉनची डी५६०० ही बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) होती, सोबत १८-५५ आणि ७०-३०० या लेन्स. हे आकडे मिलिमीटरचे, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. आठवडाभर पुण्यात नोकरी आणि जमेल त्या रविवारी पक्षी. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटरवर भिगवण आहे. तिथं उजनी धरणाच्या फुगवट्यात थंडीत रोहित (फ्लेमिंगो) उतरतात, पट्टकदंब हंस येतात, शेकाटे आणि नदी सुरय हे पाणपक्षी तर काठाकाठानं दिसतच राहतात. ३०० मिमीमध्ये रोहितांचा थवा झकास मावतो, पण एकटा सुरय पकडायचा म्हटलं की फोटो इतका कापावा लागतो की पिसांच्या जागी नुसते ठिपके उरतात. त्यामुळे लांब लेन्स हवी यात वाद नव्हता. आहे त्या बॉडीवर मोठी लेन्स चढवायची, की बॉडीसकट सगळं बदलून मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्याकडे जायचं, एवढाच प्रश्न होता.

आहे तिथंच राहायचं तर निकॉनची २००-५०० एफ ५.६ (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त). ही डीएसएलआरच्या, म्हणजे आरसावाल्या कॅमेऱ्यांच्या काळातली लेन्स आहे, सेकंडहँड बाजारात बऱ्यापैकी मिळते, आणि माझ्या बॉडीचा सेन्सर लहान असल्यानं, म्हणजे १.५ क्रॉपमुळे, ५०० चं टोक ७५० सारखं दिसतं. वजन मात्र २.३ किलो. बदलायचं तर कॅननची आर७ किंवा आर१०, त्यावर आरएफ १००-४००. ही लेन्स ६३५ ग्रॅमची, आणि १.६ क्रॉपनं ४०० चं ६४० होतं. अडचण एवढीच की ४०० ला ती एफ ८ वर जाते, म्हणजे एफ ५.६ च्या निम्माच उजेड आत येतो. सोनीची २००-६०० आणि निकॉनची नवी १८०-६०० या दोन्हींचा मी विचार केला, आणि बॉडीसह बेरीज करून लगेच सोडून दिला.

दुकानात जाऊन आले. तिथं लेन्स हातात देतात, पण ती रोखायची कशावर, तर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. विक्रेता भला माणूस होता, पण माझा प्रश्न ऐकण्याआधीच त्यानं ट्रायपॉड, बॅग आणि यूव्ही फिल्टरचा संच काउंटरवर मांडला होता. रिव्ह्यू बघून तर आणखी गोंधळ, कारण ते सगळे कुठल्यातरी परदेशातल्या बागेत, भरपूर उन्हात, कारंज्यावर बसलेल्या चिमणीचे. भिगवणला साडेसहाला नाव सुटते तेव्हाच्या उजेडाबद्दल त्यात काही नसतं. म्हणून ठरवलं, दोन्ही जोड्या भाड्यानं घ्यायच्या, एका शनिवार-रविवारी दोन्ही नावेत वापरायच्या आणि मगच पैसे काढायचे. ही कल्पना मला अजूनही सोळा आणे बरोबर वाटते.

भाड्यानं कॅमेरे देणाऱ्या एका कंपनीकडे दोन्ही होतं. आर१० नव्हती, पण आर७ होती. दोन्हींचा फोकस बराचसा एकाच जातकुळीचा, त्यामुळे मला चालणार होतं. भाडं परवडणारं होतं. फॉर्म ऑनलाइन. आधार, पॅन, ऑफिसचं ओळखपत्र, सेल्फी, अनामत चेक, दोन स्थानिक ओळखीचे लोक आणि ‘सध्याच्या पत्त्याचा पुरावा’. मी सगळं एका संध्याकाळी भरून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी मेसेज: पत्ता स्थानिक नाही. बरोबरच होतं, माझ्या आधारवर गडहिंग्लजचा पत्ता आहे. मग भाडेकरार पाठवला. साधा नोटरीचा नव्हे, रीतसर नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) सकट. त्यावर उत्तर आलं की करारासोबत घरमालकाच्या नावाचं लाइट बिल जोडा. बिल तर दर महिन्याला मीच भरते, काढलं आणि जोडलं. पुन्हा मेसेज: बिलावरील नाव व घरमालकाचे नाव जुळत नाही.

इतके महिने मी ते बिल भरत होते, पण नाव कधी वाचलंच नव्हतं, रक्कम तेवढी बघायची. डोंबिवलीला घरमालक काकांना फोन लावला.

“अगं, ते मीटर अजून दादांच्या नावावर आहे. माझे वडील. बदलायचं राहूनच गेलंय बघ.”

“दादा कुठे असतात?”

“दादा जाऊन झाली की बरीच वर्षं.”

कंपनीत फोन केला. पलीकडचा मुलगा अत्यंत नम्र. असल्या ठिकाणी नम्र माणसं मुद्दाम बसवतात की काय कोण जाणे, धड भांडताही येत नाही. तो म्हणाला, “मॅम, सिस्टिम घेत नाही. तुम्ही बिलधारकाचं संमतिपत्र अपलोड करा ना.” मी म्हटलं, बिलधारक हयात नाहीत. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, “ओके मॅम, सॉरी मॅम. मग त्यांचा मृत्यूचा दाखला आणि घरमालकांशी नातं दाखवणारं काहीतरी.”

म्हणजे दोन दिवस पक्ष्यांचे फोटो काढायला मी घरमालकांना फोन करून त्यांच्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला मागायचा. मी मागितला नाही. काकांनी दिलाही असता, पण मला ते तोंडातून काढवलं नसतं.

मग पर्याय सुरू झाले. ब्रॉडबँडचं बिल माझ्या नावावर आणि याच पत्त्यावर आहे, पण खासगी कंपनीचं बिल चालत नाही. बँकेच्या स्टेटमेंटवर हाच पत्ता आहे, पण ते यादीतच नाही. आधारवरचा पत्ता बदला, असंही सुचवलं गेलं. उद्या घर बदललं की पुन्हा तेच, आणि गावाकडची माझी निम्मी कामं त्याच पत्त्यावर चालतात. शेवटचा पर्याय ऐकून तर मी फोन बाजूला धरून हसले: कागद नसतील तर सामानाची पूर्ण किंमत अनामत म्हणून जमा करा. अहो, तेवढे पैसे हातात असते तर मी भाड्यानं कशाला घेतलं असतं?

त्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. लाखाच्या घरातली वस्तू अनोळखी माणसाच्या हातात द्यायची, आणि ती घेऊन पळणारेही असतात. कडक नियम ठेवा, माझी ना नाही. पण नोंदणी कार्यालयानं मान्य केलेला करार समोर असताना मीटर कुणाच्या नावावर आहे यावर माझा प्रामाणिकपणा ठरावा, हे मला आजही पटत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्या कितीजणांच्या घरमालकाचं मीटर खरोखर घरमालकाच्याच नावावर असतं, हे एकदा शेजारीपाजारी विचारून बघा.

यात आठवडे चालले होते. मार्चनंतर ऊन वाढतं आणि रोहित पांगायला लागतात, त्यामुळे रोज सकाळी कॅलेंडर बघून माझा जीव वरखाली.

गाठ सोडवली काकांनीच. मी दुसऱ्याच कामासाठी फोन केला होता, नळाच्या गळतीसाठी. बोलता बोलता ते म्हणाले, “मीटरचं राहिलं खरं, पण टॅक्स मात्र माझ्याच नावावर आहे हो. दरवर्षी मीच भरतो.” महापालिकेच्या मिळकतकराची पावती! तिच्यावर मालकाचं नाव असतं आणि मिळकतीचा पत्ताही. काकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवली, मी अपलोड केली, आणि सिस्टिमनं ती मुकाट गिळली. संध्याकाळी हिरवी खूण. इतके दिवस त्या नम्र मुलानं हा कागद चालेल असं एकदाही सांगितलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाला, “हो मॅम, चालतो ना. तुम्ही विचारलंच नाहीत.”

तेव्हा भाड्याच्या घरात राहत असाल तर लाइट बिलाच्या नादी न लागता आधी मिळकतकराची पावती मागा. ओळखीचे म्हणून ज्यांचे नंबर देता त्यांना आधी सांगून ठेवा. माझ्या सहकाऱ्यानं तो फोन क्रेडिट कार्डवाल्यांचा समजून दोनदा कापला, त्यात आणखी वेळ गेला. आणि आधारची प्रत देताना शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्या, प्रतीवर कशासाठी दिलं ते आडवं लिहा. इतके कागद इतक्या ठिकाणी पाठवल्यावर मला हे सुचलं.

सामान हातात आल्यावर पुढचं सगळं सुरळीत. शनिवारी भिगवणजवळच्या कुंभारगावातून नाव घेतली, डी५६०० वर २००-५०० लावून. पहिला अर्धा तास मी खूश होते. एफ ५.६ चा फायदा पहाटे खरोखर दिसतो. जिथं या लेन्सला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) १६०० पुरतो तिथं एफ ८ वाली ३२०० मागते. एका दगडावर बसलेल्या सुरयाचा फोटो असा आला की चोचीचा पिवळा रंग बघत राहावा. पण बॉडीसकट पावणेतीन किलो हातात धरून, डुलत्या नावेत, उडत्या पक्ष्यामागे फिरवायचं म्हणजे काय ते आठ वाजता खांद्यांनी सांगितलं. नावेत ट्रायपॉड मांडता येत नाही, मोनोपॉड नावेबरोबर हलतो. नावाडी दादा मात्र शांत. म्हणाले, “ताई, जरा थांबा, पक्षी कुठं जात न्हाई.” पक्षी गेलाच.

रविवारी आर७ आणि १००-४००. सव्वा किलो. पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतः शोधतो आणि धरून ठेवतो. माझ्या जुन्या बॉडीला ३९ फोकस पॉइंट आणि बाकी माझं नशीब, त्यामुळे हे बघून मी जरा चिडलेच, इतकी वर्षं उगाच घाम गाळला म्हणून. पहाटेचे फोटो दाणेदार आले, हे खरं. पण सात-सव्वासातनंतर उजेड पुरेसा होतो आणि मग फरक शोधावा लागतो. आणखी एक गोष्ट मला कुठल्याच रिव्ह्यूत ठसठशीत दिसली नव्हती. भिगवणला नावाडी इतके जवळ आणि इतक्या सावकाश नेतात की ४०० अनेकदा पुरतं. शिवाय काठावरच्या गवतात चतुर बसला होता. २००-५०० ला निदान २.२ मीटर अंतर लागतं, ही लेन्स जवळ जाऊन त्याच्या पंखांची जाळी दाखवते. मला असले किरकोळ जीवही आवडतात, त्यामुळे माझ्यासाठी हा मुद्दा लहान नव्हता.

शेवटी घेतली आर१० आणि १००-४००. आर७ का नाही? आर७ च्या बॉडीत स्थिरीकरण (हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय) आहे, बॅटरी मोठी, कार्डाला दोन खाचा. पण लेन्सचं स्वतःचं स्थिरीकरण मला पुरतं, आणि वाचलेले पैसे भिगवणच्या पेट्रोलला आणि नावेला गेले तर मला जास्त बरं. ज्यांना लग्नाची कामं करायची त्यांनी दोन खाचांची बॉडी घ्यावी, तिथं कार्ड गेलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि जंगलात, झाडीच्या अंधारात काम असेल तर माझं ऐकू नका, एफ ५.६ चीच वाट धरा.

आर१० ची बॅटरी छोटी आहे, दोन जादा ठेवाव्या लागतात. इलेक्ट्रॉनिक शटरवर वेग भन्नाट मिळतो, पण उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात. मी मेकॅनिकलवरच ठेवते, सेकंदाला १५ फोटो कुणाला कमी पडतात?

सेकंडहँड बघणाऱ्यांसाठी आठवलं ते: डी५६०० किंवा डी३५०० सारख्या निकॉनच्या छोट्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्तात दिसल्या तरी त्यांवर फोकस हातानंच करावा लागतो. लेन्सच्या एका बाजूनं टॉर्च मारून दुसरीकडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, स्वस्त असली तरी सोडा. कोकणातून किंवा मुंबईतून आलेली लेन्स असेल तर जास्तच बारकाईनं बघा, पावसाळ्यातल्या दमटपणात बंद बॅगेत राहिलेल्या लेन्सची हीच गत होते. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवलं तरी भागतं, आतला ओलावा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिला म्हणजे झालं. साधा स्वस्त डबा वापरायला लाजू नका.

नवीन घेताना बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा, दोन्हींचे अनुक्रमांक छापून घ्या. वॉरंटी आणि विमा दोन्हीकडे तेच विचारतात. भाड्याचं सामान घेताना आणि परत देताना काचेचा, माउंटचा (लेन्स कॅमेऱ्याला जोडतात त्या कड्याचा), कडांचा व्हिडिओ काढा, समोरच्यासमोर. आणि नावेत शक्यतो लेन्स बदलू नका. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर लेन्स काढली की उघडाच पडतो, आणि सकाळी पाण्यावरही बारीक चिलटं असतात.