तुम्ही विचारलंत म्हणून: ही इप्सिलॉन अजून का?

तुरीनमध्ये मराठी पाहुणे आले की माझ्या लान्चा इप्सिलॉनपाशी थबकतात आणि विचारतात, "मरायला टेकलेल्या लान्चाची ही एवढीशी गाडी अजून का ठेवलीत?" आजवर विषय बदलत आले. आता सांगतेच.

रॅलीत १९८७ ते १९९२ सलग सहा जगज्जेतेपदं मिळवणारी इटालियन मोटार कंपनी लान्चा तुम्हाला माहीत आहे. माझी गोष्ट १९८५ च्या वाय-टेनची, म्हणजे इप्सिलॉनच्या पूर्वज छोट्या गाडीची. इटलीत ती आउटोबियांकी नावानं विकली जाई, बाहेर बहुतेक ठिकाणी लान्चा म्हणून. बॉनेटखाली लान्चाची तेव्हाची मालक असलेल्या फियाटचं 'फायर' नावाचं नवंकोरं इंजिन. त्याच घराण्यातलं १.२ लिटरचं इंजिन पुढे रांजणगावला बनलेल्या फियाट पुंटोत बसलं, तेव्हा पुणेकरांनी तरी तिला परकी म्हणू नये. मग १९९५ ची 'वाय' आली, तब्बल ११२ रंगांत. छोटी गाडी घेणाऱ्यालाही हौस असते, हे कुणीतरी मानलं.

मात्र सिसिलीबद्दल विचारलंत की माझा आवाज चढतो. माझी इप्सिलॉन तेर्मिनी इमेरेसेच्या कारखान्यातली. समुद्राकाठचं ते गाव १९७० पासून फियाटवर जगत होतं. बेटावर सुटे भाग आणायचे, तयार गाड्या पुन्हा बाहेर न्यायच्या, हे परवडत नाही असं कंपनीचं म्हणणं. आकडे खोटे नसतील. पण २०११ साली नवी पाच दारांची इप्सिलॉन पोलंडमधल्या तिखीला गेली आणि त्याच नोव्हेंबरात तेर्मिनीतली लाइन थांबली. सुमारे १,५०० कामगार. कारखाना नव्यानं उभा राहील, अशी आश्वासनं वर्षानुवर्षं मिळत राहिली. गाडी चालत होती, खपत होती, तरी ती बनवणारे हात रिकामे झाले. पोलंडच्या कामगारांवर माझा राग नाही. त्यांनीही ती नीटच बांधली.

मीच पूर्वी म्हणायचे, खरी लान्चा म्हणजे फुल्विया, डेल्टा ही जुनी नावाजलेली मॉडेल्स. ही नुसती नटवलेली फियाट. ते अजून पूर्ण खोडता येत नाही. २००३ ची इप्सिलॉन पुंटोच्या सांगाड्यावर उभी होती, आणि २०२४ ची स्पेनमध्ये बनते, तिचा सांगाडा प्युजो २०८ चा. पण २०१७ नंतर लान्चा फक्त इटलीत उरली, तीही या एकाच मॉडेलवर, तेव्हा ते नाव कुणी जगवलं? फुल्वियानं नाही.

लान्चा वाचेल का, मला सांगता येत नाही. मी गाडी विकणार नाही.