विल्यम हॉल पाण्यात उतरलं तो दिवस

माझगावला मी जहाजं उतरताना पाहिली ती उतारावरून घसरत जाणारी. नारळ फुटायचा, जयघोष व्हायचा आणि एवढं मोठं धूड बघता बघता पाण्यात जायचं. कॅनडातल्या हॅलिफॅक्सची रीत वेगळी. इथं जहाज असंख्य चाकांच्या ट्रान्सपोर्टरवर चढवून धक्क्याला लावलेल्या बार्जवर, म्हणजे सपाट तरंगत्या तराफ्यावर, नेतात. टग म्हणजे ओढबोटी ती बार्ज मॅके पुलाखालून बंदराच्या आतल्या भागात, बेडफोर्ड बेसिनमध्ये आणतात. तिथं बार्जच्या टाक्यांत पाणी सोडून तिलाच खाली बसवतात आणि जहाज जागच्या जागी तरंगायला लागतं. 2022 च्या नोव्हेंबरात कॅनडाच्या नौदलाचं चौथं आर्क्टिक गस्ती जहाज ‘विल्यम हॉल’ असं उतरलं. त्या वेळी मी वेल्डिंग इन्स्पेक्टर म्हणून त्याच्या पोटात होतो.

पाणी कुठून आत येतंय का, एवढंच आम्हाला बघायचं होतं. इंजिनं थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतात त्या सी-चेस्ट, त्यांचे व्हॉल्व्ह, पंख्याचा शाफ्ट बाहेर जातो तिथलं सील, आणि पाण्याखाली जाणारा प्रत्येक सांधा. टॉर्च धरायचा आणि टिश्यू पेपरची घडी फ्लँजच्या, म्हणजे नळ जोडणाऱ्या चकतीच्या, कडेनं फिरवायची. नजरेला न दिसणारी ओलही कागदावर लगेच उमटते. पण नोव्हेंबरातलं गार पाणी बाहेरून टेकलं की पत्र्याला आतून घाम फुटतो, आणि घाम की गळती हे ओळखणं हीच खरी परीक्षा. पुसायचं आणि थांबायचं. घाम सगळीकडून धरतो. गळती मात्र त्याच एका जागी परत येते. एका फ्लँजपाशी आम्ही दोघं कितीतरी वेळ उकिडवे बसून होतो. तो घामच निघाला.

माझ्या जोडीचा माणूस जुना वेल्डर, नोव्हा स्कॉशियातल्या कृष्णवर्णीय घराण्यातला. नव्वदच्या दशकात याच यार्डात किंग्स्टन वर्गाची 12 छोटी जहाजं बांधली गेली, तेव्हा तो शिकाऊ होता. त्यातलं शेवटचं 1999 मध्ये नौदलाकडे गेलं. त्यानंतर नौदलाच्या नव्या जहाजाचं काम इथं सुरू व्हायला 2015 उजाडलं. मधल्या काळात त्याच्या बरोबरीचे किती जण तेलाच्या कामांवर पश्चिमेला गेले आणि तिकडेच राहिले, हे तो नावानिशी सांगतो. सरकारनं 2010 मध्ये जहाजबांधणीचं दीर्घ मुदतीचं धोरण आणलं आणि 2011 मध्ये लढाऊ जहाजांचं काम हॅलिफॅक्सला दिलं, ते हीच खंडित साखळी पुन्हा जोडायला. जहाजांवरच्या हेलिकॉप्टरचंही तेच झालं. 1993 मध्ये नव्या सरकारनं आधीचा खरेदीचा करार रद्द केला, ‘सायक्लोन’ ही नवी हेलिकॉप्टरं घ्यायचं ठरायला 2004 उजाडलं, आणि 1963 पासून उडणारी जुनी ‘सी किंग’ 2018 पर्यंत ओढावी लागली. मोडलेला करार कागदावर पुन्हा करता येतो; पांगलेले कारागीर परत गोळा होत नाहीत. हे मला तळमळीनं सांगावंसं वाटतं, कारण बर्फाशी झुंजणाऱ्या नाळेचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचे, जाड पत्रे जोडताना किती तापवायचं, किती थांबायचं, हे नवी पोरं अशाच जुन्या माणसाशेजारी उभं राहून शिकतात. चौथ्या जहाजाच्या वेळी त्यांचे हात बसलेले मला दिसत होते.

मग जहाजाखालच्या ठोकळ्यांवरचा भार सुटला. पत्र्यातून एक लांब करकर गेली, पायाखालची जमीन किंचित सैल झाल्यासारखी वाटली, आणि वॉकी-टॉकीवर निरोप आला: तरंगलं. जोडीदारानं हातमोजा काढून पत्र्यावर तळवा ठेवला. म्हणाला, “आमचा माणूस आहे हा.”

विल्यम हॉल कोण, हे मी तोवर नीट वाचलं होतं. अमेरिकेतल्या गुलामीतून सुटून इथं आलेल्या आईबापांचा मुलगा, ब्रिटिश नौदलातला खलाशी. 16 नोव्हेंबर 1857 रोजी लखनौच्या शाहनजफपाशी तोफेवरचे बाकीचे पडले. तो आणि एक जखमी अधिकारी एवढेच उरले, तरी भिंतीला भगदाड पडेपर्यंत तो तोफ भरत राहिला. त्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. पण त्या भिंतीमागे आमची माणसं होती. हॉल ज्या शॅनन जहाजावर होता, त्याच्याच तुकडीनं पुढं डिसेंबरात कानपूरला तात्या टोपेंच्या फौजेवर तोफा डागल्या.

हे जोडीदाराला सांगावं की नाही, याचा मी खूप विचार केला. शेवटी परतीच्या बोटीत सांगितलं. तो गप्प झाला नाही की वाईट वाटून माफीही मागू लागला नाही. “भिंतीमागच्या लोकांची नावं सांग,” म्हणाला. मी बेगम हजरत महल सांगितली, तात्या सांगितले, शिप्रीला त्यांना दिलेली फाशी सांगितली. त्यानं हॅन्ट्सपोर्टला हॉलची समाधी आहे ते सांगितलं आणि मला तिथं न्यायचं कबूल केलं.

मला हॉलच्या धैर्याबद्दल आदर वाटतो आणि तात्यांबद्दलची माया तसूभरही कमी होत नाही. दोन्ही एकदमच वाटतं. दुसऱ्या दिवशी पाचव्या जहाजाचे सांधे तपासायला आम्ही पुन्हा बरोबरच होतो.