आजींनी दगड पुढे केला तेव्हा

गेली अकरा वर्षे मी सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या गावांमधून एका कलापथकाबरोबर फिरते आहे. पथनाट्ये बसवणे, ती गावच्या पारावर किंवा शाळेच्या पटांगणात सादर करणे आणि प्रयोग संपल्यावर लोकांशी बोलणे, हे माझे काम. या वर्षांत प्रयोग पुष्कळ झाले, पण २०२३ मध्ये, पावसाळा सरल्यावर वारणाकाठच्या एका गावात झालेल्या प्रयोगाने मला जे शिकवले, ते दुसऱ्या कोणत्याही प्रयोगाने शिकवले नाही.

विषय विधवा प्रथांचा होता. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी, पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. आम्ही गेलो त्या गावानेही ठराव केलेला होता, परंतु तो दप्तरातच राहिला होता. ठरावानंतरही दोन घरांत बांगड्या फोडल्या गेल्याचे तिथल्या आशाताईंनी आम्हाला सांगितले आणि त्यांनीच आम्हाला बोलावून घेतले.

आम्ही जो प्रकार करतो त्याला फोरम थिएटर म्हणतात. ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात तो घडवला. हद्दपारीत असताना १९७३ मध्ये ते पेरू देशातल्या साक्षरता मोहिमेत काम करत होते, आणि तिथे प्रेक्षकांतल्या एका बाईला नटांनी दाखवलेला उपाय पटेना, म्हणून ती स्वतःच रंगमंचावर चढली, अशी त्याच्या जन्माची हकिकत ते सांगत. नाटक अन्यायाच्या प्रसंगावर आणून थांबवायचे आणि मग ज्याला वाटेल त्याने आत येऊन एखाद्या पात्राची जागा घ्यायची, अशी ही पद्धत आहे. पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेली जनसंस्कृती ही संस्था गावोगाव हेच काम करते. आपल्याकडे सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी लोकांना प्रश्न विचारायची सवय लावलेली आहेच, त्यामुळे ही रीत आमच्या माणसांना परकी वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

संध्याकाळी सातच्या सुमारास आम्ही मारुतीच्या देवळापुढे डफ वाजवला. पुरुष पारावर बसले, बाया समोरच्या घरांच्या पायऱ्यांवर. नाटकात नवरा गेलेली तरुणी, तिची सासू, शेजारीण आणि भावकीतला एक कर्ता पुरुष अशी चार पात्रे होती. शेजारणीने तरुणीचा हात धरला आणि हिरव्या काचेच्या बांगड्यांवर दगड उगारला, की मी सूत्रधार म्हणून नाटक थांबवणार, असे ठरले होते. मी तोंड उघडणार इतक्यात पायरीवरून आवाज आला, "आसं न्हाई फोडत. काच शिरंल पोरीच्या हातात."

सत्तरीच्या आसपासच्या एक आजी उठून पुढे येत होत्या. त्यांचे स्वतःचे कपाळ मोकळे होते. त्यांनी आमच्या मुलीला खाली बसवले, तिचे मनगट जमिनीवर टेकवले, काच उडू नये म्हणून आपला पदर त्यावर घातला आणि शेजारीण झालेल्या मुलीच्या हातातून दगड घेतला. या हालचालींत कुठेही अडखळणे नव्हते. "मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या, "गेली वीस वर्सं ह्या गल्लीत मलाच बोलावत्यात." आम्ही महिनाभर तालीम केली होती; दगड कोण उचलते ते दाखवले होते, पण त्या बाईला तिथे कोण बोलावून आणते, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता.

आजी दगड धरून तशाच बसून राहिल्या. भावकीतल्या पुरुषाची भूमिका करणारा आमचा मुलगा गोंधळला आणि त्याने संहितेतले पुढचे वाक्य म्हटले, "आटपा बायांनो, तिकडे लोक खोळंबलेत." आजींनी मान वर केली. "तुला घाई हाय न्हवं? मग हे घे. तू फोड," असे म्हणून त्यांनी दगड त्याच्यापुढे धरला. बावीस वर्षांचा तो मुलगा दोन पावले मागे सरकला. मग त्या उठल्या, पारापाशी गेल्या आणि तोच दगड तिथल्या पुरुषांपुढे धरला. मला मध्ये पडून काहीतरी बोलण्याचा मोह झाला होता. मी बोलले नाही, आणि त्या दिवशी मी केलेली एवढीच योग्य गोष्ट होती असे मला आजही वाटते. कोणी हात पुढे केला नाही. आजींनी दगड पारावर ठेवला आणि त्या पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या.

त्यानंतर तासभर बाया बोलत होत्या. कोणाच्या मनगटावर व्रण होता, तिने तो दाखवला. आजवर हे काम करायला लागलेल्या आणखी दोघी निघाल्या. पुरुषांपैकी एकाने ठरावाची आठवण काढली, तेव्हा एका बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी तो ठराव ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवण्याची मागणी केली, आणि पुढच्या ग्रामसभेत तो वाचला गेला.

चार महिन्यांनी आशाताईंचा फोन आला. त्याच गल्लीत एक तरुण अपघातात गेला होता आणि नेहमीप्रमाणे आजींना बोलावणे गेले होते. त्या गेल्या, त्या मुलीच्या शेजारी बसल्या आणि माणसे न्यायला निघाली तरी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून बसून राहिल्या. कुंकू नणंदेने पुसलेच. बांगड्या मात्र राहिल्या, आणि आशाताई परवा भेटल्या तेव्हा त्यांनी सांगितले, की त्या अजूनही तिच्या हातात आहेत.