कोर्टाची पायरी न चढताही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इंग्लंडात भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या शहाण्याविरुद्ध मात्र पायरी न चढताही निकाल लागतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

माझा भाचा रेडिंगला असतो. नागरिकत्वाचा एएन फॉर्म भरायला बसला आणि 'तुमच्याविरुद्ध दिवाणी निकाल आहे का?' या प्रश्नाला सरळ 'नाही' लिहायला निघाला. "मामी, मी इथलं कोर्ट बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नाही!" म्हटलं, आधी ट्रस्टऑनलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या निकालांच्या रजिस्टरवर शोध, मग लिही. 

त्याच्या नावावर निकाल निघालाच. स्लाउला असताना गाडी पार्किंगमध्ये जास्त वेळ राहिली होती. खासगी कंपनीची १०० पौंडांची चिठ्ठी जुन्या खोलीवर गेली. लायसन्सवरचा पत्ता याने बदलला होता, पण गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) वेगळा बदलावा लागतो, आणि कंपनीला पत्ता मिळतो तो तिथूनच. पुढे कोर्टाचे कागदही त्याच दारात पडले. १४ दिवसांत कुणी उत्तर दिलं नाही, की सुनावणीशिवाय निकाल. यालाच सगळे सीसीजे (काउंटी कोर्ट जजमेंट) म्हणतात. महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर नोंद पुसली जाते. नाहीतर ६ वर्षं राहते, उशिरा भरलं तर फक्त 'फेडलं' असा शेरा पडतो.

आता आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे पंडित. "लिहू नकोस रे, कोण बघतंय?" मला याचाच राग येतो. १९८१ च्या नागरिकत्व कायद्यात 'चांगल्या चारित्र्या'ची अट आहे, आणि होम ऑफिसच्या (इथल्या गृहखात्याच्या) मार्गदर्शिकेप्रमाणे नुसतं कर्ज आहे म्हणून सहसा अर्ज फेटाळत नाहीत. बेफिकिरीने कर्ज करून ठेवलं आणि फेडायची तयारीच दिसत नसली, तर फेटाळतात. जाणूनबुजून लपवलं तर ती फसवणूक, आणि तिची सावली १० वर्षं पडते. शिवाय फी १,६०० पौंडांच्या वर. नकार आला तर नागरिकत्वाच्या समारंभाचे पैसे तेवढे परत. अपील नाही, फेरविचाराची विनंती करता येते.

भाच्यापुढे दोन वाटा होत्या: एन२४४ फॉर्म भरून निकाल रद्द करून मागायचा, किंवा पैसे भरून मोकळं व्हायचं. पहिलीची फी दाव्याच्या रकमेच्या आसपास, वर वेळ. त्याने पैसे भरले, फेडल्याचा दाखला घेतला, फॉर्मवर 'हो' लिहिलं आणि पत्र कुठे गेलं, कसं कळलं, कधी भरलं ते थोडक्यात जोडलं.

थकलेला काउन्सिल टॅक्स (स्थानिक पालिकेचा कर), एनएचएसचं (सरकारी आरोग्यसेवेचं) बिल, होम ऑफिसशीच खटला हरून डोक्यावर बसलेला खर्च, हेही बघतात. यातलं सगळंच सीसीजेच्या यादीत सापडत नाही, म्हणून त्या त्या ठिकाणी वेगळं विचारावं लागतं.

आणि रजिस्टरचा शोध नाव आणि पत्ता देऊन होतो. आत्ताचा एकच पत्ता टाकून 'काही नाही' म्हणू नका. राहिलेली प्रत्येक खोली, मित्राकडे टपाल येत होतं तोही पत्ता, सगळे टाका.