मागे न बघता

दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं रिलेची प्रॅक्टिस करत होती. बॅटन म्हणून कुणीतरी घरातून लाटणं पळवून आणलं होतं. भाजीची पिशवी सांभाळत मी जिन्यापाशीच उभी राहिले. कोण किती जोरात पळतंय याकडे माझं लक्ष नव्हतं. ते कधीच नसतं. रिलेत मला फक्त हात दिसतात. टीव्हीवर शर्यत लागली तरी माझी नजर त्या वीस-तीस मीटरच्या तुकड्यावर खिळलेली, जिथे बॅटन एकीकडून दुसरीकडे जायचा. बाकीची शर्यत मला मधल्या जाहिरातींसारखी वाटते.

शाळेत पीटीचे सर ओरडायचे, "मागं बघायचं नाय!" मागची खुणेपाशी आली की पुढचीनं सुटायचं, पळता पळता हात मागे करायचा आणि लाकडी दांडा तळव्यात पडेपर्यंत धीर धरायचा. आमच्यातल्या एकीला हा धीर म्हणून नव्हता. ती दरवेळी वळून बघायची, सर दरवेळी कपाळावर हात मारायचे. घरी याच्या बरोबर उलटं. आजी मीठ कधी कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं म्हणून. वाटी ओट्यावर ठेवायची, मग दुसऱ्यानं उचलायची. देणारीनं आणि घेणारीनं एकाच वेळी एका वस्तूला धरणं हेच मुळी धोक्याचं, असं घरचं शास्त्र. आणि मैदानावर सगळा डाव त्याच धोक्यावर लावलेला.

या हातांच्या नादातच मी पोलंडच्या इरेना शेविन्स्कापर्यंत पोचले. एरवी ती भेटते ती विक्रमांतून. लेनिनग्राडमध्ये जन्मलेली, वॉर्सात वाढलेली, उंच, लांब ढांगांची मुलगी. शंभर, दोनशे आणि चारशे या तिन्ही अंतरांचे जागतिक विक्रम एकाच माणसाच्या नावावर, हे तिच्याशिवाय कुणालाच जमलेलं नाही, पुरुषांतसुद्धा. चारशेकडे तर ती उशिरा वळली आणि १९७४ च्या जूनमध्ये वॉर्सात ४९.९ सेकंदांत पळून पन्नासच्या आत येणारी पहिली बाई ठरली. १९७६ ला माँट्रियलमध्ये तिशीतली, एका मुलाची आई असलेली ही बाई चारशेच्या अंतिम फेरीत इतकी पुढे गेली, की दुसरी सेकंदाहून जास्त मागे राहिली. चारशे मीटरमध्ये एक सेकंद म्हणजे काही थोडंथोडकं नव्हे. पुढे १९८० ला मॉस्कोत, जिथे आपली सोळा वर्षांची उषा पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये पळत होती, तिथेच शेविन्स्का उपांत्य फेरीत दुखावली आणि तिचं पळणं संपलं. पाच ऑलिंपिक, सात पदकं.

पण माझा जीव अडकलाय तो टोकियोत, १९६४ मध्ये. तेव्हा ती अठरा वर्षांची, लग्नाआधीची इरेना किर्शेनश्टाइन होती. लांब उडीत रौप्य, दोनशेमध्ये रौप्य आणि मग चार बाय शंभर, म्हणजे चौघींनी शंभर-शंभर मीटर पळायची रिले. पहिली तेरेसा चेपवी, दुसरी इरेना, तिसरी हालिना गुरेत्स्का, शेवटची एवा क्वोबुकोव्स्का. समोर अमेरिका, त्यांच्याकडे शंभरची विजेती आणि दोनशेचीही. कागदावर पोलंडनं हरायलाच हवं होतं. पण रिले कागदावर पळत नाहीत. पोलंड ४३.६, अमेरिका ४३.९. सुवर्ण आणि जागतिक विक्रम, दोन्ही. चार वर्षांनी मेक्सिकोत याच इरेनानं दोनशेमध्ये विक्रमासह सुवर्ण घेतलं, आणि रिलेत मात्र तिच्याच हातून बॅटन निसटला. पायांचं काय, ते आपले असतात. बॅटन निम्मा दुसरीचा.

मधल्या काळात एवाचं जे झालं, ते वाचल्यापासून मला ही शर्यत नुसती शर्यत म्हणून आठवता येत नाही. १९६५ मध्ये प्रागला एकाच दिवशी एवा आणि इरेना दोघी शंभर मीटर ११.१ मध्ये, जागतिक विक्रमी वेळेत, धावल्या होत्या. १९६७ मध्ये कीव्हला स्त्री असल्याची तपासणी झाली, त्यात एवाचं एक गुणसूत्र जास्त निघालं. झालं. बायकांच्या शर्यतीतून ती कायमची बाद. तिनं काही घेतलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. जन्माला आली तशीच पळाली होती. पुढे तिला मुलगा झाला. त्याचं त्या तपासणीला काही सोयरसुतक नव्हतं.

आणि रिलेचा विक्रम खोडताना एकटीचं नाव खोडता येत नाही ना. शंभरच्या विक्रमातलं एवाचं नाव गेलं, इरेनाचं राहिलं. पण टोकियोचा चौघींचा मिळून होता, तो अख्खा गेला. चेपवीचे शंभर मीटर गेले, गुरेत्स्काचे गेले, इरेनाचे गेले. दुसऱ्या आलेल्या अमेरिकेचे ४३.९ विक्रमाच्या जागी लागले. सुवर्णपदकं मात्र ऑलिंपिकवाल्यांनी परत मागितली नाहीत. म्हणजे त्या दिवशी जिंकलं पोलंड, आणि सगळ्यात वेगात पळाली अमेरिका. दोन्ही नोंदी अधिकृत आहेत.